संपर्क तुटतो तेव्हां

खोळंबा कोणालाच रुचत नाहीं. आगगाडी मधल्याच स्टेशनावर अडून राहिली, पुरामुळें नाव अलीकडच्या कांठालाच थांबली, किंवा कचेरींतला कारकून जागेवर नसला, म्हणजे भल्याभल्यांचा धीर सुटतो. अशा वेळीं कोणी पानसुपारीचें तबक पुढें केलें आणि दोन गोड शब्द बोलला, तर तोच काळ कांहींसा सुसह्य होतो. पानसुपारीनें गाडी सुटत नाहीं, हें खरें. परंतु आपण खोळंबलों आहोंत याची कोणाला तरी जाणीव आहे, एवढें समाधान मिळतें. आज घरोघरीं संगणकाच्या पडद्यावर असेंच एक तबक मांडलेलें आढळतें. त्याचें मोल किती आणि त्याची मर्यादा कोणती, हें पाहण्यासारखें आहे.

गूगल कंपनीच्या क्रोम नांवाच्या ब्राउझरमध्यें एखादें पान उघडावयास जावें आणि नेमका त्याच वेळीं इंटरनेटचा संपर्क तुटलेला असावा, तर पडद्यावर तशी सूचना येते. त्या सूचनेपाशीं ठिपक्याठिपक्यांनीं रेखाटलेला एक करड्या रंगाचा प्राणी निमूटपणें उभा असतो. पुष्कळांस तें नुसतें चित्र वाटतें. परंतु कीबोर्डवरील सर्वांत लांब कळ, म्हणजे स्पेसबार, दाबली, किंवा मोबाइलवर त्या प्राण्यास बोट लावलें, कीं तो धावूं लागतो. वाटेंत निवडुंग येतात. त्यांवरून उडी मारावयाची. पुढें आकाशांतून पंखवाले प्राणी येतात. त्यांना उडी मारून किंवा वांकून चुकवावयाचें. धडक बसली कीं डाव संपला. डाव लांबत जातो तसतसा वेग वाढतो, कोपऱ्यांतील गुण वाढतात, आणि ७०० गुण झाले म्हणजे त्या वाळवंटांत रात्र पडते. खेळ काय तो एवढाच. त्याला इंटरनेट लागत नाहीं, कारण तो ब्राउझरबरोबरच संगणकांत येऊन बसलेला असतो.

हा खेळ २०१४ सालीं क्रोमच्या रचनाकारांनीं तयार केला. सेबास्तियन गॅब्रिएल, अ‍ॅलन बेट्स आणि एडवर्ड जंग हीं त्यांतलीं प्रमुख नांवें. मूळ कल्पना मोठी मिस्किल आहे: वायफाय गेलें कीं मनुष्य जणूं डायनोसॉरांच्या युगांत परत जाऊन पडतो! तो प्राणी टायरानोसॉरस रेक्स असल्यामुळें, 'टी. रेक्स' या इंग्रज वाद्यवृंदाचा गायक मार्क बोलन याच्यावरून या कामाला 'प्रोजेक्ट बोलन' असें सांकेतिक नांव देण्यांत आलें होतें. प्राण्यानें आरंभीं गर्जना करावी, किंवा लाथ झाडावी, असेही विचार झाले. पण शेवटीं धावणें, उडी मारणें आणि वांकणें एवढ्यावरच रचनाकार थांबले. कोठें थांबावें हें कळणें ही कारागिराची खरी परीक्षा, आणि या परीक्षेंत ते उत्तीर्ण झाले असें म्हणावयास हरकत नाहीं.

शाळेंत सृष्टिविज्ञान शिकविणारा मात्र या वाळवंटाकडे पाहून किंचित् हंसेल. टायरानोसॉरस रेक्स उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागांत सुमारें ६ कोटी ८० लक्ष ते ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं वावरत होता. त्याच्या डोक्यावरून उडणारा तो टेरोडॅक्टिल म्हणावा, तर खऱ्या टेरोडॅक्टिलचा काळ सुमारें १५ कोटी वर्षांपूर्वींचा. आणि निवडुंगांचें कुळ शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणें अवघें तीन-साडेतीन कोटी वर्षांचें. म्हणजे या डायनोसॉरानें निवडुंग कधीं पाहिलाच नव्हता. तीन निरनिराळ्या युगांतले पाहुणे एका पंगतीस बसविले आहेत! रचनाकारांच्या सांगण्याप्रमाणें खेळाची अखेर गांठावयास सुमारें १ कोटी ७० लक्ष वर्षें लागतील. तितका काळ हा प्राणी पृथ्वीवर होता, असा त्यांचा हिशेब. अवशेषांवरून मात्र त्याचें आयुर्मान सुमारें २० लक्ष वर्षेंच भरतें. पण थट्टेला काय शास्त्रार्थ विचारावा! गुणांचा आंकडा ९९,९९९ च्या पुढें गेला कीं पुन्हां शून्यावर येतो, एवढें खेळणारानें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे.

आतां हा खेळ कोण खेळतात तें पाहूं. २०१८ सालीं गूगलनें जाहीर केलेल्या माहितीप्रमाणें तेव्हां दर महिन्यास या खेळाचे सुमारें २७ कोटी डाव होत असत. आणि खेळणारांपैकीं बहुतेक जण ज्या देशांत मोबाइलवरील इंटरनेट बेभरंवशाचें किंवा महाग होतें, अशा देशांतले होते. भारत, ब्राझील, मेक्सिको व इंडोनेशिया हीं नांवें त्यांत होतीं. म्हणजे तो आंकडा जितका करमणुकीचा, तितकाच खोळंब्याचाही होता. शाळाकचेऱ्यांतून तर या प्राण्याचा इतका नाद लागला, कीं तेथील संगणक सांभाळणारांस तो खेळ बंद ठेवण्याची सोय द्यावी लागली.

तरीही या नादाची जात निराळी आहे. मोबाइलवरील आजचे कित्येक खेळ मनुष्याला धरून ठेवण्यासाठींच रचलेले असतात. आज या, उद्यां बक्षीस मिळेल. पैसे भरा, म्हणजे पुढचें दार उघडेल. असें आमिष पदोपदीं दाखविलें जातें. संपर्क तुटल्यावर सहज हातीं येणाऱ्या या साध्या खेळांत तसलें कांहीं नाहीं. नांव विचारीत नाहींत, पैसे मागत नाहींत, आणि न खेळल्यास कोणी रुसत नाहीं. खोळंबा संपला कीं उठून जावें. पाहुण्याला अडवून न ठेवणारें आदरातिथ्य हेंच खरें आदरातिथ्य.

परंतु तबकाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एखाद्या घरीं थोरल्या मुलीचा परीक्षेचा अर्ज भरावयाचा शेवटचा दिवस आहे. शुल्काची रक्कम खात्यांतून गेली. पण ती पोहोंचली कीं नाहीं, हा निरोप येण्याच्या आंतच संपर्क तुटला. पडद्यावर तोच करडा प्राणी उभा. धाकटा भाऊ आनंदानें पुढें सरसावतो, "ताई, ऊठ ना, मला खेळूं दे!" आणि ताईच्या डोळ्यांत पाणी उभें राहतें. प्राणी तोच, वाळवंट तेंच. एकाला तो खेळ, दुसरीला तो बंद दरवाजा. ज्याचें काम अडलें नाहीं त्यालाच खोळंब्याची मौज वाटते.

शिवाय, संपर्क नेहमीं अपघातानेंच तुटतो असेंही नाहीं. कधीं तो सरकारी हुकुमानेंही बंद होतो. ऑगस्ट २०१९ मध्यें जम्मू-काश्मीरांत इंटरनेट बंद करण्यांत आलें, आणि त्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें १० जानेवारी २०२० रोजीं निर्णय दिला. अशी सेवा अनिश्चित काळपर्यंत बंद ठेवतां येणार नाहीं, आणि इंटरनेटच्या द्वारें विचार मांडण्याच्या व व्यापार-उदीम करण्याच्या स्वातंत्र्याला घटनेचें संरक्षण आहे, असें न्यायालयानें त्यांत सांगितलें. घरांतल्या पडद्यावरचा तो लहानसा प्राणी केवढ्या मोठ्या प्रश्नाच्या दारांत उभा आहे, हें यावरून लक्षांत येईल. आज अर्ज, शिधा, पैसा, औषध, शिक्षण यांपैकीं पुष्कळ गोष्टींची वाट त्याच दारांतून जाते.

तेव्हां मुलांनीं हा खेळ जरूर खेळावा. पडलें तरी पुन्हां पहिल्यापासून धावावें, हा धडा त्यांत आहे, आणि तो कांहीं लहान नव्हे. वडील माणसांनींही मनावर ओझें नसेल त्या दिवशीं दोन उड्या मारून पाहाव्या. वय कांहीं आड येत नाहीं. मात्र ज्यांच्याकडे संपर्क अखंड ठेवण्याचें काम आहे, त्यांनीं खोळंबलेल्या माणसाच्या हंसण्यावर संतुष्ट राहूं नये. पानसुपारी देणाराचे आभार अवश्य मानावे. पण गाडी केव्हां सुटणार, हें विचारावयास विसरूं नये.