राजश्री पिक्चर्स : पडद्यामागचा वितरक
(गणेशोत्सवातील कार्यक्रमात दिलेले भाषण)



डिप्लोमा करून रेल्वेत लागलेल्या माणसाला रूळ आणि पुलांवर बोलायला सांगितले असते तर सोपे गेले असते. यंदा विषय निघाला सिनेमाचा, आणि कार्यकारिणीने मला पकडले ते मी भुसावळचा म्हणून!

त्याला कारण आहे. सिनेमाच्या धंद्याचा नकाशा आपल्या नकाशासारखा नसतो. त्यात राज्ये नाहीत, सर्किटे आहेत. मुंबई, दिल्ली-यू.पी., पूर्व पंजाब, तसे एक 'सी.पी., सी.आय. आणि राजस्थान'. इंग्रजांच्या वेळचा मध्य प्रांत आणि मध्य भारत धंद्याने अजून सोडलेला नाही. भुसावळ, अमरावती, इंदूर आणि आपले जयपूर ही या मुलुखातली ठाणी. इथल्या वितरकांची आणि थिएटरमालकांची संघटना म्हणजे सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, आणि तिचे मुख्य कार्यालय भुसावळला. म्हणजे बदलीने माझा झोन बदलला, पण सिनेमावाल्यांच्या हिशेबात मी होतो त्याच सर्किटात राहिलो.

भुसावळच का, हे रेल्वेवाल्यांना सांगायला नको. मुंबईकडून आलेली लाइन तिथे फुटते, एक नागपूरकडे, एक इटारसीकडे. सिनेमा तेव्हा पार्सलने जायचा. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 90 फूट पळते. तीन तासांच्या चित्रपटाची झाली 16,200 फूट, म्हणजे जवळजवळ पाच किलोमीटर. ती रिळांत गुंडाळून, पत्र्याच्या पेट्यांत घालून पार्सल ऑफिसात यायची. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तर ही फिल्म नायट्रेटची, भडकन पेट घेणारी, त्यामुळे रेल्वेच्या धोकादायक मालाच्या नियमांत तिला खास जागा होती. लहानपणी प्लॅटफॉर्मवर त्या पेट्या पाहून आम्ही पोरे आत कोणता पिक्चर आहे यावर पैजा लावायचो.

या पेट्या पाठवणाऱ्यांत एक मोठे नाव आपल्या शेजारचेच आहे. फुलेऱ्याहून मकराण्याकडे जाताना कुचामन सिटी स्टेशन लागते. हल्ली तो डिडवाणा-कुचामन जिल्हा, आधी नागौर. तिथे 1914 साली ताराचंद बडजात्या जन्मले. कलकत्त्यात शिकले आणि 1933 मध्ये मोतीमहल थिएटर्स या वितरण कंपनीत उमेदवार म्हणून लागले, तेही बिनपगारी. आपल्याकडे अप्रेंटिसला निदान स्टायपेंड तरी मिळतो! चौदा वर्षांनी, 15 ऑगस्ट 1947 ला, त्यांनी स्वतःची राजश्री पिक्चर्स काढली. आज राजश्री म्हटले की लग्न आणि मोठे कुटुंब आठवते, पण पहिली पंधरा वर्षे ही कंपनी फक्त दुसऱ्यांचे चित्रपट गावोगावी पोहोचवत होती.

वितरक करतो काय? निर्मात्याला आधी रक्कम देऊन एखाद्या सर्किटचे हक्क घेतो, प्रिंटा काढतो, थिएटर ठरवतो, तिकीटबारीचा हिशेब तपासतो. पिक्चर पडला तर नुकसान बरेचदा त्याचेच. नाव मात्र कोणी वाचत नाही. मद्रासच्या जेमिनी स्टुडिओच्या एस. एस. वासन यांचा तमिळ 'चंद्रलेखा' 1948 मध्ये आला. तो हिंदीत करा, हे सुचवणारे बडजात्याच. त्याच वर्षी हिंदी 'चंद्रलेखा' आला आणि मद्रासच्या निर्मात्यांना उत्तरेची बाजारपेठ उघडली. एका वितरकाच्या सल्ल्याने एवढे झाले.

1962 मध्ये 'आरती'पासून राजश्रीने स्वतः चित्रपट काढले. 1964 च्या 'दोस्ती'त एकही मोठा नट नाही, एक मुलगा आंधळा, एक पांगळा. त्याला सहा फिल्मफेअर पारितोषिके मिळाली. माझ्या मते याचे निम्मे श्रेय वितरणाला आहे. दुसऱ्या निर्मात्याचा असा पिक्चर वितरकाने पहिल्या आठवड्यातच उतरवला असता. इथे वितरक घरचा, त्यामुळे माणसे एकमेकांना सांगेपर्यंत थांबता आले. 1994 च्या 'हम आपके हैं कौन'च्या वेळीही तेच धोरण. सुरुवातीला मोजकी थिएटरे, आवाजाची चांगली सोय असलेली, आणि व्हिडिओ कॅसेट बाजारात नाही. मुंबईत तो 'लिबर्टी'ला लागला होता. जाता जाता सांगतो, लिबर्टीची अंतर्गत सजावट आणि 1976 साली सुरू झालेले आपले राजमंदिर, दोन्ही एकाच मराठी माणसाचे काम, वास्तुकार नामजोशी यांचे. राजमंदिरला पाहुणे नेता तेव्हा हे आवर्जून सांगत जा.

आता मला खटकणारी गोष्ट. 1970 साली राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' आला. दोनच वर्षांनी राजश्रीने तीच कथा 'पिया का घर' म्हणून हिंदीत काढली. बासू चटर्जींनी उत्तम केला, याबद्दल तक्रार नाही. पण आपल्या कॉलनीतल्या जुन्या मंडळींना विचारले तर त्यांनी 'पिया का घर' इथे जयपुरात पाहिला आणि 'मुंबईचा जावई' सुट्टीत गावी गेल्यावर. गोष्ट आपली, चाळ आपली, ती सुमारे सातशे मैल आली खरी, पण भाषा मागे ठेवून. त्यात राजश्रीचा दोष नाही. त्यांनी धंदा पाहिला. इथे मराठी पिक्चरची पेटी सोडवून घेईल एवढे गिऱ्हाईक होते कुठे?

2005 च्या सुमारास उपग्रहावरून चित्रपट थिएटरात पोहोचू लागले आणि पुढच्या आठ-दहा वर्षांत पेट्या बंद झाल्या. पार्सलचा खर्च गेला, प्रिंटचा गेला. आता मराठी चित्रपट जयपुरात यायला अडचण नसावी, असे मलाही वाटले होते. दोन वर्षांपूर्वी आपण एक खेळ ठरवायला गेलो तेव्हा व्यवस्थापकाने चित्रपटाचे नावसुद्धा विचारले नाही. म्हणाला, "सीटें कितनी भरोगे?" देशपांडे काकूंनी तिथेच बसून फोन लावले आणि दीड तासात 96 नावे दिली. मिनिमम गॅरंटी म्हणतात ती हीच, फक्त वितरकाच्या जागी काकू होत्या.

दिवाळीनंतर पुन्हा एक खेळ करायचा विचार आहे. सभागृह 140 खुर्च्यांचे आहे, आजपर्यंत 57 नावे आली आहेत. वही प्रसादाच्या टेबलापाशी ठेवली आहे. पैसे नावासोबतच द्यावेत, ही नम्र विनंती.