राज्यव्यापी ऑनलाइन चाचणी आणि स्थलांतरित मुलाची नोंद



भोसरी-चाकण पट्ट्यात गुरुवार हा कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा वार होय. वीजवाहिन्यांच्या दुरुस्तीची कामेही बहुधा याच दिवशी काढली जातात. शाळा मात्र गुरुवारी भरलेलीच असते. राज्यातील सर्व शाळांची चाचणी एकाच दिवशी संगणकाद्वारे घ्यावयाची झाल्यास, दिनांक ठरविणाऱ्या कार्यालयास हा गुरुवार ठाऊक असणे अगत्याचे आहे.

अशा चाचणीचा अनुभव महाराष्ट्रास नवा नाही. दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी २०१६ मध्ये शाळाशाळांतील संगणकांवर घेण्यात आली. २०१८ मध्ये ती मोबाइलवर आली. तीत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा प्रश्न नव्हता आणि परीक्षार्थी पंधरा-सोळा वर्षांचे होते. तिसरीच्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. ज्याने कळफलकाला कधी हात लावलेला नाही, त्याला पडद्यावर वजाबाकी सोडवावयास लावली तर परीक्षा गणिताची न होता बोटांची होते. २०२३-२४ पासून ‘स्टार्स’ प्रकल्पांतर्गत राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने सुरू केलेल्या नियतकालिक मूल्यांकन चाचणीत प्रश्नपत्रिका छापील ठेवून गुण तेवढे पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्राकडे ऑनलाइन नोंदविण्याची रीत स्वीकारली गेली. लहान इयत्तांपुरती हीच रीत शहाणपणाची आहे.

तथापि खरी अडचण यंत्राची नसून यादीची आहे. महाळुंगे, कुरुळी, निघोजे या गावांतील भाड्याच्या खोल्यांतून उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा आणि मराठवाड्यातून आलेली कामगार कुटुंबे राहतात. कंत्राट संपले की बिऱ्हाड हलते. इंद्रायणीचा पूल ओलांडून मोशीत आलेले मूल जिल्हा परिषदेच्या शाळेतून महानगरपालिकेच्या शाळेत जाते. अंतर थोडके, पण व्यवस्थापन बदलते. मूल नव्या वर्गात बसते, त्याची नोंद मात्र जुन्या शाळेच्या खाती राहते. जुन्या शाळेने ती संगणकावर सोडल्याखेरीज नव्या शाळेस घेता येत नाही. अशा वेळी चाचणी आली की मूल जुन्या शाळेत ‘अनुपस्थित’ ठरते आणि नव्या शाळेच्या यादीत त्याचे नावच नसते. जे मूल बहुधा सर्वांत मागे राहिलेले असते, नेमके तेच हिशेबातून गळते आणि तालुक्याची सरासरी उगाच बरी दिसते!

बालकांच्या शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यातील कलम ५ अन्वये दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश अडविता येत नाही. वर्गात बसण्याचा जो हक्क कायद्याने दिला, तो संगणकाच्या यादीत नाव नाही म्हणून चाचणीपुरता हिरावला जाणे सर्वथा अनुचित होय.

मोठ्या इयत्तांची चाचणी पडद्यावरच घ्यावयाची असेल, तर प्रश्न आदल्या दिवशी शाळेच्या संगणकात उतरवून घेता यावेत, उत्तरे तेथेच साठावीत आणि जोडणी मिळताच पुढे जावीत. सर्व तालुक्यांना एकच घटिका देऊ नये. एकाच तासात सगळ्या शाळा धावल्या की केंद्रातील यंत्रणा गुदमरते, आणि मुले पडद्याकडे पाहत बसतात. शाळेचे वीजदेयक वेळेवर भरले जाते की नाही, हे पंचायत सदस्यांनी पाहावयाचे आहे. हे काम कोणत्याही संगणकतज्ज्ञाच्या हातचे नाही.

शिक्षकांची एक तक्रार रास्त आहे. गुण भरण्याची घाई त्यांना केली जाते; परंतु कोणत्या मुलाचे भागाकारात अडते, कोणाचे वाचनात, हे परतून त्यांच्या हाती वेळेवर न आल्यास एवढी खटाटोप केवळ तक्त्यांसाठी ठरते. नोंदींचा उलट प्रवास पुढील घटक शिकविण्यापूर्वी पुरा झाला पाहिजे.

चाचणीपूर्वी आठ दिवस मुख्याध्यापकांनी वर्गात प्रत्यक्ष बसणारी मुले आणि संगणकावरील यादी ताडून पाहावी. ज्यांचे नाव यादीत नाही, त्यांनाही प्रश्नपत्रिका द्यावी, गुण वहीत लिहून ठेवावेत आणि जुन्या शाळेने नोंद सोडताच ते चढवावेत. नोंद सोडण्यास विलंब होत असेल, तर जिल्हा परिषद व महानगरपालिका यांच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी त्या मुलांची नावे एकत्र बसून निकाली काढावीत.