अध्यक्ष, युद्ध आणि पक्षाचें माप

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचें तें कारटें, ही म्हण घरगुती खरी. पण राष्ट्रांच्या इतिहासांतही तिचा प्रत्यय वारंवार येतो. युद्धप्रसंगीं सत्ताधीशानें केलेल्या कृत्याची पारख करतांना कृत्य पाहावयाचें कीं कर्त्याचा पक्ष, हा प्रश्न अमेरिकेंत फार जुना आहे.

ता. ८ जानेवारी १८१५ रोजीं जनरल अँड्र्यू जॅक्सन यांनीं न्यू ऑर्लिअन्स येथें इंग्रजांचा पराभव केला. लढाई संपली, तरी शहरावरील लष्करी कायदा त्यांनीं उठविला नाहीं. वर्तमानपत्रांत त्याविरुद्ध लिहिणाऱ्या एका गृहस्थास त्यांनीं अटकेंत टाकलें; त्यासाठीं हेबिअस कॉर्पसचा हुकूम काढणाऱ्या न्यायाधीश हॉल यांनाही पकडून शहराबाहेर घालवून दिलें. तहाची वार्ता आल्यावर न्यायाधीश परतले व त्यांनीं जॅक्सन यांस १००० डॉलर दंड केला. पुढें जॅक्सन राष्ट्राध्यक्ष झाले, डेमोक्रॅटिक पक्षाचें दैवत झाले. आणि १८४४ मध्यें काँग्रेसनें तो दंड व्याजासह परत केला. त्या वादविवादांत परतफेडीच्या बाजूनें डेमोक्रॅट स्टीफन डग्लस अग्रभागीं होते.

दोनच वर्षांनीं, त्याच पक्षाचे पोक अध्यक्ष असतां मेक्सिकोशीं युद्ध जुंपलें. मेक्सिकोनें अमेरिकेच्या भूमीवर अमेरिकन रक्त सांडलें, असें पोक यांचें म्हणणें. डिसेंबर १८४७ मध्यें व्हिग पक्षाच्या एका नवख्या प्रतिनिधीनें, तें रक्त नेमकें कोणत्या ठिकाणीं सांडलें तें सांगा, असे ठराव मांडले. शेजारच्या राष्ट्रावर केव्हां चालून जावें हें एकटा अध्यक्षच ठरवूं लागला, तर त्याच्या सत्तेस मर्यादा उरणार नाहीं, असेंही त्यानें एका मित्रास लिहिलें. त्या प्रतिनिधीचें नांव अब्राहम लिंकन.

एप्रिल १८६१ मध्यें फोर्ट सम्टरवर तोफा सुटल्या, तेव्हां हेच लिंकन अध्यक्ष होते. काँग्रेस ४ जुलैला भरली. तत्पूर्वींच त्यांनीं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली, सैन्य वाढविलें आणि हेबिअस कॉर्पसचा हक्क कांहीं भागांत स्थगित केला. १८६३ मध्यें ओहायोचे डेमोक्रॅट पुढारी व्हॅलंडिगम यांस युद्धविरोधी भाषणाबद्दल लष्करी न्यायालयानें दोषी ठरविलें. तेव्हां जॅक्सन यांच्या पूजकांस एकाएकीं घटनेची आठवण झाली. आल्बनीच्या डेमोक्रॅटांना उत्तर देतांना लिंकन यांनीं जॅक्सन यांच्या दंडाची व परतफेडीची कथाच त्यांच्यापुढें ठेविली. टोला मार्मिक होता. परंतु प्रतिपक्षाचा दुटप्पीपणा दाखविल्यानें आपलें कृत्य न्याय्य ठरत नाहीं.

येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. बंड किंवा परचक्र यांच्या वेळीं हा हक्क स्थगित करण्यास अमेरिकेची घटनाच मुभा देते. तो अधिकार अध्यक्षाचा कीं काँग्रेसचा, एवढाच वाद होता. मेक्सिकोचें युद्ध परराष्ट्राशीं होतें. म्हणून लिंकन यांनीं सोईप्रमाणें मत फिरविलें, असें सरसकट म्हणणें योग्य नव्हे. परिस्थितीचा भेद पाहून वेगळा निर्णय देणें हा विवेक. पक्षाचा भेद पाहून देणें हा पक्षपात.

हा पक्षपात पुढील शतकांतही सरला नाहीं. सीरियानें रासायनिक अस्त्रें वापरल्याबद्दल तिच्यावर हल्ला करण्यास २०१३ मध्यें, ओबामा अध्यक्ष असतां, एका लोकमत-चांचणींत रिपब्लिकनांपैकीं शेंकडा २२ अनुकूल होते. २०१७ मध्यें तशाच कारणावरून ट्रम्प यांनीं हल्ला केला, तेव्हां शेंकडा ८६. दुसरा पक्षही निर्दोष नाहीं. देशावर संकट ओढवलें नसतां काँग्रेसच्या संमतीवांचून हल्ला करण्याचा अधिकार अध्यक्षास नाहीं, असें २००७ मध्यें सांगणाऱ्या ओबामांनीं २०११ मध्यें लिबियावर विमानें धाडलीं तीं त्या संमतीवांचूनच.

कसोटी अवघड नाहीं. अध्यक्षाचें नांव झांकून प्रथम कृत्याचा निवाडा करावा, आणि मग नांव उघडावें. निवाडा बदलावासा वाटला, तर खोट वस्तूंत नसून तागडींत आहे, हें ओळखावें.