किनाऱ्यावरचे घर
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. किती घरांचे पत्रे आणि कौले उडाली, हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. तेव्हापासून जो तो म्हणतो, “आता स्लॅबचे पक्के घर हवे.” ही इच्छा रास्तच आहे. पण किनाऱ्यावर पक्के घर कशाला म्हणावे, याचा शांतपणे विचार झाला पाहिजे.

केरळात तिरुवनंतपुरमजवळ पूंतुरा ही मच्छीमारांची वस्ती आहे. 1970 च्या दशकात लॉरी बेकर या वास्तुशिल्पज्ञाने तेथे कमी खर्चाची घरे उभारली. त्यांनी वाऱ्याला अडवले नाही, वाट करून दिली. छपरे उतरती ठेवली आणि विटांच्या भिंतींत झरोक्यांची जाळी सोडली. बंद खोलीत एका बाजूने वारा घुसला की तो छप्पर आतून वर ढकलतो. पलीकडून निघून जायला वाट असेल तर त्याचा जोर कमी होतो. घरेही एका रांगेत न बांधता पुढेमागे बांधली. त्यामुळे मागच्या घरालाही दर्याचा वारा मिळाला आणि प्रत्येक दारापुढे जाळी वाळवायला अंगण राहिले.

या अंगणाचे मोल ओळखा. मच्छीमाराच्या घरातच त्याचा धंदा चालतो. जाळी दुरुस्त करणे, मासळी निवडणे, सुकवणे ही कामे दारात होतात आणि त्यांतली बरीचशी आपल्या माताभगिनी करतात. अंगण नसलेले घर कितीही मजबूत असले, तरी ते त्यांची रोजी हिरावून घेते. म्हणून घराचा नकाशा काढण्यापूर्वी त्यांना विचारले पाहिजे.

दुसरी गोष्ट खाऱ्या हवेची. खारी वाळू स्लॅबमध्ये गेली की आतली सळई गंजून फुगते आणि सिमेंटचे पोपडे सुटतात. गोड्या पाण्याची स्वच्छ वाळू आणि सळईवर सिमेंटचा पुरेसा थर यांत काटकसर करू नका. आपला जांभा दगड तर खारा वारा सोसत आलाच आहे.

पण हे सारे नकाशात उतरवणार कोण? दर्या ज्याने पाहिला नाही, त्याला वाळवणाची जागा सुचणार नाही. विद्यार्थी मित्रांनो, दहावीनंतर तीन वर्षांत स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका मिळते. पालकहो, मुलगी गणितात हुशार असेल तर तिलाही याच वाटेने पाठवा. मासळी कुठे सुकते, हे तिला कुणी शिकवावे लागणार नाही.