आभाळ भरलेलं होतं म्हणून

(रामवाडी, पेण येथे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आदिवासी मुलामुलींपुढे केलेले भाषण)

मुलांनो, आधी माझी चूक सांगतो. गेल्या जूनमध्ये, पाऊस सुरू व्हायच्या आधी, सकाळी साडेदहाला मी काही जणांना धावायला लावलं. आभाळ भरलेलं होतं, ऊन नव्हतं. मला वाटलं, बरंच झालं. चौथ्या फेरीत एक मुलगा झोकांड्या देऊ लागला. "काय रे, कुठल्या वाडीचा तू?" असं मी गमतीनं विचारलं, तर त्यानं भलत्याच वाडीचं नाव सांगितलं. मी म्हणालो, "नाटकं पुरे." पाणी घेऊन चाललेल्या त्याच्या मावशीनं मात्र अख्खा हंडा त्याच्या अंगावर ओतला. त्या बाईचे आभार मानायलाही मला दोन दिवस लागले.

घाम आल्यानं अंग थंड होत नाही, तो वाळल्यानं होतं. आपल्याकडच्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता गळतो. आणि धावताना उष्णता अंगातूनच निघत असते, तिला आभाळाचं काय? जून 2014 मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना तरुण उमेदवार कोसळले, काही दगावले. पुढे अंतर कमी झालं. आता शिपाई पदासाठी मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. अंतर कमी म्हणून उकाडा कमी होत नाही.

"आम्ही वीटभट्टीवर वाढलो, आम्हाला काय होतंय," असं तुम्ही म्हणता. सवय होते, खरं आहे. पण ती लागायला आठवडा-दोन आठवडे जातात आणि घरी बसलं की दोन-तीन आठवड्यांत मोडते. म्हणून खंड पडला की पहिले काही दिवस निम्मंच धावा. आदल्या दिवशी ताप, जुलाब किंवा दारू झाली असेल (हसू नका) तर धावायचंच नाही.

कुणी असंबद्ध बोलू लागला, तर थट्टा करू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, 108 ला फोन लावा. गाडी येईपर्यंत ओतत राहा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

यंदा सराव उजाडताच सुरू आणि सातला बंद. ही वेळ त्याच मुलानं ठरवली आहे. तो मागे बसलाय. माझ्याकडे फक्त शिट्टी आणि पाण्याचा पिंप.