फक्त ट्रॅकवर पळवायला गाडी घ्यायचीय, तीही स्वस्तात?

हेडफोन लावून लोकलमध्ये लटकत ऐकणाऱ्यांना आणि दोन फेऱ्यांच्या मधे ऐकणाऱ्या रिक्षावाल्या दादांनाही नमस्कार. मी आटगावहून बोलतोय. कसारा लाइनवर आसनगावच्या पुढे येतं ते आटगाव. मागे गाडीचा भोंगा ऐकू आला तर समजून घ्या, स्टेशन घराला लागूनच आहे.

गेल्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं : "दादा, ट्रॅक डेसाठी स्वस्तातली गाडी कोणती घ्यायची?" उत्तर देतो. पण आधी मी या भानगडीत का पडलो, ते सांगायला पाहिजे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्यातला रविवार, सकाळी सातची वेळ. बाबांची वॅगनआर घेऊन मी शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडकडे निघालो होतो. काम काहीच नव्हतं, गाडी पळवायची होती. एका वळणावर मागचं चाक सुटलं, गाडी आडवी झाली आणि थेट भाताच्या खाचरात उतरली. वळणावर एक आजी डोक्यावर मोळी घेऊन चालली होती. मोळी टाकून ती बाजूला झाली म्हणून वाचली. माझ्यात आणि तिच्यात फार तर चार हात अंतर राहिलं असेल.

मी चिखलातून बाहेर आलो. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आरं, कुठं जायाचं हाय तुला येवढ्या घाईनं?"

मला कुठंच जायचं नव्हतं. तिची लाकडं गोळा करून दिली आणि ट्रॅक्टर येईपर्यंत बांधावर बसून राहिलो. त्या दिवशी ठरवलं, वेग हवा असेल तर जिथे समोरून आजी येणार नाही अशाच ठिकाणी.

आता आपल्याकडची पोरं म्हणतात, ट्रॅक कशाला, समृद्धी आहे ना! ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, आणि आता नागपूरपासूनचा ७०१ किलोमीटरचा रस्ता आपल्या शहापूर तालुक्यातून जातो. पण तिथेही वेगाची कमाल मर्यादा ताशी १२० आहे, आणि तो रस्ता ट्रकवाल्याचा, अँब्युलन्सचा, लग्नाला निघालेल्या कुटुंबाचाही आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. तेव्हा तो विषय इथेच संपला.

आधी ट्रॅक, मग गाडी

बहुतेक जण आधी गाडी बघतात. मी पण तेच केलं. ऑनलाइन जाहिराती बघत तीन महिने घालवले. मग आमचे गॅरेजवाले काका म्हणाले, "अरे, चालवणार कुठं ते आधी सांग. नांगर घ्यायच्या आधी जमीन बघतात."

तर जमीन बघू. ग्रेटर नोएडाला बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आहे. २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन तिथेच झाली. एक फेरी पाच किलोमीटरच्या वर. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, साधारण पावणेचार किलोमीटर. आणि कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटर. आटगावहून यातलं काहीही धरा, एका बाजूचं अंतर हजार किलोमीटरच्या पुढे जातं.

बुद्धवर सरळ पट्टा एक किलोमीटरच्या आसपास आहे. तिथे छोटी गाडी घेऊन गेलात तर ॲक्सिलरेटर तळाला टेकवून नुसती वाट बघत बसाल. कारीवर पट्टे आखूड आणि वळणं लागोपाठ. तिथे इंजिनाच्या ताकदीपेक्षा हात, पाय आणि डोकं जास्त चालतं. माझ्या खिशाला कारी परवडत होता.

हा ट्रॅक ज्यांच्या नावाने आहे त्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन बसवून फॉर्म्युला मारुती गाड्या बनवल्या होत्या. नारायण कार्तिकेयनने सुरुवातीच्या शर्यती तसल्याच गाडीत केल्या. म्हणजे आपल्या देशातला पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर ८०० च्या इंजिनावर शिकलाय. तेव्हा छोट्या गाडीची लाज वाटून घेऊ नका.

वजन, वजन आणि वजन

आता थोडं गणित. घाबरू नका, चहाचं आहे.

ड्रायव्हरसकट ८२० किलोची गाडी ताशी ११० वरून ५० वर आणली, तर ब्रेकमध्ये साधारण ३०० किलोज्यूल उष्णता जाते. तेवढ्या उष्णतेत एक लिटर पाण्याला उकळी येते. म्हणजे दर मोठ्या वळणाला तुम्ही ब्रेकवर चहाचं आधण ठेवताय. गाडी १६०० किलोची असेल तर दोन लिटर. आणि हे एका फेरीत दोन-तीनदा, वीस मिनिटं सलग.

ब्रेक ऑइल उकळलं की त्यात बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, तेल दाबलं जात नाही. म्हणून पेडल थेट खाली जातं आणि गाडी थांबत नाही. नव्या डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, डॉट ४ चा २३० अंश. पण हे तेल हवेतली ओल पितं. ओल प्यालेलं डॉट ३ १४० अंशांलाही उकळू शकतं. आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. म्हणून ट्रॅकवर जायच्या आधी ब्रेक ऑइल नवं, सीलबंद डब्यातलं, गाडीला चालत असेल तर डॉट ४.

यातून काय निघतं? हलकी गाडी ब्रेक कमी तापवते, टायर कमी खाते, पेट्रोल कमी पिते. ताकदवान गाडी विकत घेताना स्वस्त मिळेलही, चालवताना मिळणार नाही.

मी काय काय बघितलं

एस्टीम. मनातली गाडी ही. १३०० सीसी, एमपीएफआय इंजिनाची ताकद ८५ बीएचपी, वजन नऊशे किलोच्या आत. आपल्याकडच्या शर्यतींत आणि रॅलींत ही वर्षानुवर्षं पळाली. पण आता चांगली उरलेली सापडत नाही. जी मिळते तिची खालची पत्रं गंजलेली. गंजलेल्या पत्र्यावर कितीही पॉलिश मारा, वळणावर तो खरं बोलतो.

होंडा सिटी व्हीटेक. १०० बीएचपीच्या वर, मजा भरपूर. पण मला दाखवली ती आधीच कुणीतरी 'मॉडिफाय' केलेली होती. कापलेल्या स्प्रिंगा, जोडलेल्या वायरी. दुसऱ्याचा अर्धवट छंद विकत घेऊ नका.

पोलो टीएसआय. स्वप्नातच ठेवली. टर्बो आणि डीएसजी गिअरबॉक्स, बिघडलं तर गाडीच्या किमतीएवढं बिल.

झेन आणि ८००. हलक्या, स्वस्त. पण पेट्रोल गाडीचं खासगी रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, पर्यावरण कर भरावा लागतो. 'फक्त ट्रॅकसाठी' असली तरी ट्रॅकपर्यंत चालवत न्यायची तर गाडी कायदेशीर पाहिजे, नाहीतर ट्रकवर चढवून न्या. हजार किलोमीटर ट्रकने नेण्याचा खर्च ऐकला आणि मी तो विचार सोडला.

शेवटी घेतली २०१३ ची अल्टो के-१०. हसलात ना? काकाही हसले होते. ९९८ सीसी, ६७ बीएचपी, वजन साडेसातशे किलोच्या आसपास. तेरा इंची टायर कुठल्याही नाक्यावर मिळतात. ब्रेक पॅड, क्लच, बेअरिंग सगळं शहापूरला मिळतं. रजिस्ट्रेशन २०२८ पर्यंत. एमएच ०५, पहिला मालक शिक्षक. सर्व्हिसच्या पावत्या फाइलमध्ये लावून ठेवलेल्या.

हिची कच्ची बाजू पण सांगतो. एअरबॅग नाही, एबीएस नाही. जोर लावून चालवायला हे छोटं धाडस नाही. म्हणून हेल्मेट चांगलं घेतलं, मूळ सीटबेल्ट तसाच ठेवला, आणि पहिल्या दिवशी स्वतःच्या ताकदीच्या सत्तर टक्केच चालवायचं ठरवलं. तुमच्या खिशात थोडे जास्त असतील तर एबीएसवाली जुनी स्विफ्ट बघा, तुम्हाला दोष देणार नाही.

पैशांचा हिशोब

माझ्याकडे अडीच लाख होते. नाइट शिफ्टचे, चार वर्षं साठवलेले. हिशोब असा :

गाडी आणि नावावर करणं, सव्वा लाख. टायर, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, कूलंट, होज पाइप, इंजिन माउंटिंग, ४० हजार. हेल्मेट ८ हजार. जाऊन-येऊन पेट्रोल आणि टोल, २२ हजार. फी, राहणं, खाणं, १० हजार. एकूण दोन लाख पाच हजार. उरलेले ४५ हजार मी हात न लावता ठेवले.

सगळ्यात महत्त्वाचं कलम हे उरलेल्या ४५ हजारांचंच आहे. कारण मोटार विम्याच्या पॉलिसीत शर्यत आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर एक रुपया मिळणार नाही. म्हणून नियम साधा आहे : जी गाडी ट्रॅकवर सोडून रेल्वेने घरी यावं लागलं तरी घराचा हप्ता चुकणार नाही, तीच गाडी घ्या. कोइम्बतूरहून कल्याणला थेट रेल्वे आहे, मी आधीच बघून ठेवली होती.

बजेटच्या निम्म्यापेक्षा जास्त गाडीवर घालू नका. आणि साउंड सिस्टिम, अलॉय, स्पॉयलर, फाटका आवाज करणारा सायलेन्सर यावर शून्य रुपये. पहिला पैसा ब्रेकवर, दुसरा टायरवर, तिसरा कूलिंगवर. इंजिनाला हात लावायची पाळी दोन वर्षं तरी येत नाही.

आणि झालं काय?

पहिल्या सेशनला मागून आलेल्या प्रत्येकाला वाट दिली. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. कुठे ओव्हरटेक करायचं ते आधी सांगतात, आणि झेंडा दिसला की ऐकायचं.

दुसऱ्या सेशनला सहाव्या फेरीत पेडल मऊ लागलं. अजून दोन फेऱ्या मारायचा मोह होताच. पण मला भाताचं खाचर आठवलं. हळू चालवत एक फेरी मारली, ब्रेक निवू दिले, पिटमध्ये आलो. हँडब्रेक ओढला नाही, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावला, कारण तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढू नये. तेल बदललं आणि दुपारी पुन्हा उतरलो. संध्याकाळपर्यंत मला कळलं, की ज्या वेगाला मी किन्हवलीच्या वळणावर सुटलो होतो, त्या वेगाला गाडी सांभाळण्याएवढं मला तेव्हा येतच नव्हतं. तीन वर्षं मी ओल्या रस्त्याला दोष देत होतो.

ज्यांच्याकडे अडीच लाख नाहीत, त्यांनी गाडी घेऊच नका. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे, तिथे एक दिवस घालवा. चव आवडली तर साठवायला लागा.

परत आलो तेव्हा आईने गाडीभोवती एक फेरी मारली, पत्रा बघितला, मग मला बघितलं. म्हणाली, "शाबूत आहेस ना? मग जेवायला बस."

किन्हवलीच्या त्या वळणावरून आता जातो तेव्हा तिसऱ्या गिअरमध्ये, चाळीसच्या आत जातो. आजी परत भेटली नाही. भेटली तर तिच्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडे आहे.

तुम्ही कुठली गाडी बघताय ते कळवा. फोटो पाठवताना खालच्या पत्र्याचा फोटो आधी पाठवा. भेटू पुढच्या भागात. आणि तोवर घाटात सावकाश!