मेंढीची खूरसड

मेंढी लंगडली की काटाच रुतला असे धरून बसू नका. खुराची बेचकी पाहा. कुजका वास आला तर खूरसड! हिचा जंतू डायचेलोबॅक्टर नोडोसस. २००७ साली त्याची सारी जनुकीय मांडणी वाचून झाली. आपल्या फलटणच्या निंबकर संस्थेत जुळ्या कोकरांचा जनुक मेंढीच्या रक्तावरून ओळखतात ना, त्याच जातीची ही विद्या. उपयोग काय म्हणाल, तर या जंतूचे दहा प्रकार आहेत आणि एकाची लस दुसऱ्याला सहसा चालत नाही. तेव्हा लशीला पैसे घालण्याआधी डॉक्टरांकरवी खुरातली घाण तपासायला पाठवा. तोवर लंगडी मेंढी वेगळी ठेवा. शंभर लिटर पाण्यात १० किलो झिंक सल्फेट विरघळवून त्यात कळप उभा करा. ते पाणी मात्र पिऊ देऊ नका. मातीत हा जंतू फार जगत नाही, म्हणून जुना वाडा तीन आठवडे मोकळा सोडा.